पाच महिन्यांचा पोप आमच्या आखाड्यावर

मध्यंतरी टीव्हीवर नव्या पोपची निवड दाखवत होते. चिमणीतून पांढरा धूर निघाला आणि आमच्या लातूरच्या घरात सगळे चहाचे कप हातात धरून बघत बसले, जणू आपल्याच पाहुण्यातलं कुणी निवडणुकीला उभं होतं. मला आधी हसू आलं आणि मागोमाग डोळे भरून आले. कुणी विचारलं नाही ते बरं झालं. आमच्या घराचा पोपशी संबंध फार जुना आहे, पण तो आता माझ्याशिवाय कुणाला पुरता माहीत नाही. ज्यांना माहीत होता ते माझे सासरे, त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

गोष्ट माझ्या एम.ए.ची. लग्न झाल्यावर मी इतिहास घेऊन बाहेरून परीक्षा द्यायचं ठरवलं. चाकूरजवळच्या आमच्या गावात हे नसते उद्योग समजले गेले. नवरा लातूरला नोकरीला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीनं जायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे आठवडाभर घरात मी आणि सासरे दोघंच. त्यांना मी मामा म्हणायची.

मला मोठ्यानं वाचल्याशिवाय काही डोक्यात शिरत नाही. घरात वाचायला बसले की शेजारीण दारात यायची आणि विचारायची, “कोणासंगं भांडायलीस गं?” शेवटी मामाच म्हणाले, “आखाड्यावर चल. तिथं बैलं हायत, ती काय इचारणार न्हाईत.” आमच्याकडे आखाडा म्हणजे शेतातलं घर. पत्र्याचं छप्पर, एक खोली, शेजारी गोठा, समोर विहीर आणि कडुलिंबाचं झाड. दुपारची भाकरी झाली की मी लिंबाखाली पुस्तक उघडायची आणि मामा अंबाडीची दोरी वळत समोर बसायचे.

एक पेपर मध्ययुगीन युरोपचा होता. पोप आणि राजे शे-दोनशे वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेले. कुणी कुणाला वाळीत टाकलं, कुणी कुणाला माफी मागायला लावली, सगळं मी घोकत जायची आणि मामा ऐकत जायचे. आठवडाभरात त्यांनी निकाल देऊन टाकला. “हे देवाचं काम न्हाई माय. ही जिल्हा परिषद हाय.” परीक्षेत मी चार पानं खरडूनही इतकं नेमकं लिहू शकले नाही.

मग एके दिवशी तो म्हातारा आला. तेराव्या शतकाच्या शेवटाकडचा एक पोप. माझ्या गाईडमध्ये त्याच्यावर चारच ओळी होत्या, पण मैत्रिणीनं लातूरच्या ग्रंथालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं, त्यात त्याची सगळी हकिकत होती. मी वाचायची आणि मामांना मराठीत सांगायची. आधीचा पोप वारला होता. नवा निवडायला दहा-बारा मोठे धर्मगुरू बसले आणि दोन वर्षं झाली तरी त्यांचं एकमत होईना. तिकडे डोंगरात ऐंशीच्या घरातला एक बैरागी राहत होता. त्यानं त्यांना खरमरीत पत्र धाडलं की, असंच भांडत बसाल तर देवाचा कोप होईल. त्यांनी पत्र वाचलं आणि त्यालाच पोप करून टाकलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसऱ्याचा घात झाला.

मामांचे हात थांबले. “त्याला इचारलं का?”

“नाही. त्यानं पळून जायचाही प्रयत्न केला म्हणे.”

“पळू दिलं नसंल,” मामा म्हणाले आणि पुन्हा दोरी वळायला लागले.

मला तेव्हा कळलं नाही, पण मामांना त्या म्हाताऱ्यात आपला माणूस सापडला होता. सासूबाई गेल्यापासून त्यांचं मन कशात नव्हतं. तरी शेत, भावकी, गावातल्या सोयरिकी, बांधाची भांडणं, मामांशिवाय कशाचंही पान हलत नसे. कुणाला नाही म्हणता येत नाही, हा त्यांचा आजार. एकदा बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांना त्यांनी वेगवेगळं गाठून “तुझं बरोबर हाय” असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघंही मामांचं नाव घेत, काठ्या घेऊन त्याच बांधावर हजर. पुढे पुस्तकात आलं की हा पोपसुद्धा कुणाला नाही म्हणत नसे आणि एकच जागा दोन-दोन माणसांना देऊन बसे. हे ऐकून मामा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “मला वाटलं, म्या एकलाच येडा हाय,” ते म्हणाले.

त्यानंतर रोज दुपारी पहिला प्रश्न ठरलेला. “म्हाताऱ्याचं काय झालं?” माझा बाकीचा अभ्यास त्यांनी पार मागे टाकला. म्हातारा गाढवावर बसून आला आणि दोन राजांनी लगाम धरला, हे त्यांना आवडलं. नेपल्सच्या राजवाड्यात त्यानं स्वतःसाठी फळ्यांची छोटी खोली करून घेतली आणि तिच्यात जाऊन बसायचा, हे तर फारच. “म्हंजे राजवाड्यात आखाडा बांधला म्हन की,” ते म्हणाले. दोन दिवस ते आल्या-गेल्याला ही गोष्ट सांगत होते. ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा अहमदपूरकडचा कुणी असावा.

आणि मग तो दिवस आला. पाच महिन्यांत म्हातारा टेकीला आला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत झाली. पोपला पद सोडता येतं असा नियम त्यानं स्वतःच केला, अंगावरची भरजरी वस्त्रं उतरवली आणि सगळ्यांसमोर जमिनीवर बसला.

“सोडलं?” मामांनी विचारलं.

“सोडलं.”

“मंग जाऊ दिलं का त्याला डोंगरावर?”

पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. पुढची ओळ मी आधीच वाचली होती. नव्या पोपला भीती वाटली की लोक पुन्हा म्हाताऱ्याच्या भोवती गोळा होतील. त्यानं माणसं पाठवली. म्हातारा रानोमाळ पळाला, होडीत बसला, पण वादळानं होडी परत किनाऱ्याला लावली. त्याला धरून एका गडावर आणलं आणि लहानशा खोलीत कोंडलं. दहा महिन्यांनी तो तिथंच मेला. हे सगळं त्या पानावर होतं. मी वर बघितलं, तर मामांचा चेहरा निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा झालेला.

“हाव मामा,” मी म्हणाले. “जाऊ दिलं.”

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले, इतकं सहज कधी बोलले नाही. आणि एकदा बोलल्यावर सुटका नव्हती. दुसऱ्या दिवशी मामांना हवं होतं, तो डोंगरावर खायचा काय? मी त्याला चार शेळ्या दिल्या. मग एक झरा दिला. एका दुपारी त्याच्या ताटात ज्वारीची भाकरी वाढली, तेव्हा मामा म्हणाले, “तिकडं ज्वारी कुठली आली? गहू असंल.” मी गहू केला. थंडीत त्याच्या खोलीवर बर्फ पडायचा म्हटलं तर ते बेचैन झाले, म्हणून एका शिष्यानं त्याला घोंगडी आणून दिली. पावसाळा संपेपर्यंत मी त्या म्हाताऱ्याला असा सुखात ठेवला. आजही लिंबाची निंबोळी पायाखाली फुटली की मला ते दिवस आठवतात. तितकं मन लावून माझं बोलणं पुन्हा कुणी ऐकलं नाही, पुढे तीस वर्षं वर्गात शिकवूनसुद्धा नाही.

परीक्षा नांदेडला झाली. परत आले तेव्हा मामा फाट्यावर येऊन उभे होते. पेपर कसा गेला, हे विचारलंच नाही. “म्हातारा आला व्हता का पेपरात?” आला नव्हता. “पाच महिन्यांचा पोप, त्याला कोण विचारतो,” असं मी म्हणाले, तर मामा परीक्षा घेणाऱ्यांवर रागावले.

मी पास झाले, लातूरला कॉलेजात लागले, बिऱ्हाड तिकडे गेलं. दर शनिवारी आम्ही गावी यायचो. अशाच एका शनिवारी जेवणं झाल्यावर मामांनी डोक्याचा रुमाल काढला आणि मुलासमोर, म्हणजे ह्यांच्यासमोर ठेवला. म्हणाले, शेत तुझ्या नावावर करतो, घराचा कारभार तू बघ, भावकीला बी तूच तोंड दे. मी आता आखाड्यावर राहणार. हे घाबरले. “दादा, अजून तुमचं वय काय झालंय?”

“त्या म्हाताऱ्यानं सोडलं, त्याचं काय बिघडलं? डोंगरावर सुखानं ऱ्हायला. इचार तिला.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटं उचलत होते. खरं सांगायची वेळ ती होती. मी ताटं घेऊन आत गेले.

पहिली दोन वर्षं खरंच सुखाची गेली. मग एका हिवाळ्यात मामा विहिरीजवळ घसरले, चार दिवस तापात पडले आणि हे त्यांना लातूरला घेऊन आले. ताप गेला तरी परत पाठवायला तयार होईनात. माझा नवरा वाईट माणूस नाही. पण बाप शेतात एकटा राहतो आणि मुलगा शहरात फ्लॅटमध्ये, हे भावकी पारावर बसून बोलत होती आणि ते ह्यांना झोंबत होतं. शेत अर्ध्या वाट्यानं बटईला दिलं, बैलं विकली. मामा आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. पहिल्याच महिन्यात एकदा ते न सांगता निघाले, चालत स्टँडवर गेले आणि चाकूरच्या गाडीत जाऊन बसले. ओळखीच्या कुणीतरी फोन केला. ह्यांनी गाडी सुटायच्या आत त्यांना उतरवून आणलं. त्या दिवसापासून आम्ही कामावर निघालो की दाराला बाहेरून कुलूप पडू लागलं. त्यांना चक्कर येते, कुठं पडले तर, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मामांनी तक्रार केली नाही. टीव्ही लावून बसायचे. मी रोज झाकून ठेवलेली भाकरी-भाजी रोज संपवायचे. अशी दोन वर्षं गेली.

एका सकाळी हे निघून गेले होते, मी पर्स खांद्याला लावून दारात उभी होते, हातात कुलूप. मामा खुर्चीतून म्हणाले, “खरं सांग माय. त्या म्हाताऱ्याला जाऊ दिलं व्हतं का?”

मी परत आत आले आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसले. सगळं सांगितलं. माणसं पाठवली ते, होडी, वादळ, गड, खोली, दहा महिने. शेळ्या माझ्या होत्या, झरा माझा होता, घोंगडी माझी होती.

“त्या खोलीची किल्ली कोणाकडं असायची?” शेवटी त्यांनी विचारलं.

“पुस्तकात नव्हतं. शिपायाकडं असेल.”

“जेवू घालायचा का त्याला?”

“घालत असेल.”

“मंग माणूस वाईट नसंल,” मामा म्हणाले. “भेत असंल.”

ते माझ्यावर रागावले असते तर मी बरी सुटले असते. दोन वर्षं मी धरून चालले होते की कोंडणारा माझा नवरा आहे आणि मी आपली जेवू घालणारी. पण घरातून शेवटी मी निघायची. रोज किल्ली फिरवायचा हात माझा होता.

त्या दिवशी आम्ही साडेदहाची चाकूर गाडी धरली. हे शनिवारी गावी आले, माझ्यावर खूप ओरडले, मग बापाशेजारी बाज टाकून झोपले आणि सोमवारी एकटेच परत गेले; मी रजा काढून थोडे दिवस तिथंच थांबले. मामा पुढे दीड वर्ष आखाड्यावर राहिले आणि तिथंच गेले. पण मला त्या दिवसाचं आठवतं ते गाडीच्याही आधीचं. मी मामांना म्हणाले, चला, आणि ते लगेच उठून उभे राहिले, तर त्यांच्या चपला सापडेनात. दाराशी नव्हत्या, पलंगाखाली नव्हत्या. कुलूप पडू लागल्यापासून दोन वर्षांत त्यांना त्या लागल्याच नव्हत्या. शेवटी माळ्यावर मिळाल्या, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून सुतळीनं बांधलेल्या. सुतळीची गाठ माझी होती.