गोळ्यावरची बोटं

पाव फुगत नव्हता. सलग चार वेळा चपटा. आणि मला तो फुगायलाच हवा होता, कारण नगरच्या एका कॅफेवालीने सांगितलं होतं, "एक नमुना आणून दाखवा, जमला तर दर शनिवारी सहा घेईन." दर शनिवारी म्हणजे आठवड्यातला एक दिवस मी एकटी एसटीत बसून कर्जतबाहेर. सासूबाईही कबूल झाल्या होत्या. नाहीतर पावाचं मला काय लोणचं घालायचंय! मला तो शनिवार हवा होता.

सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा मी नागापूरच्या एमआयडीसीतली नोकरी सोडली. "तात्पुरती," नवरा म्हणाला. तो अजून तिथेच कामाला आहे, रविवारी येतो. त्याच्या तात्पुरतीला तीन वर्षं झाली. घरात सासूबाई, अंथरुणावर सासरे आणि मी. भाजी आणायलासुद्धा घड्याळ बघून जायचं. जीव नुसता गुदमरायचा.

सावरडो, म्हणजे हा आंबवणाचा पाव, मी मोबाईलवर बघून शिकले. विकतचं यीस्ट नाही, पीठ-पाणी बरणीत आंबवायचं आणि त्याला रोज मूठभर पीठ घालत राहायचं. सासूबाई बरणी हुंगून म्हणाल्या, "म्हशीचं आंबोण बरं की गं यापरीस!" पण बरणीला त्यांनी कधी हात लावला नाही. मळलेला गोळा फडक्याखाली तासन्‌तास फुगू द्यायचा, मग ओव्हनमध्ये. माझा गोळा दुपारी टम्म असायचा आणि सासऱ्यांना अंघोळ घालून येईपर्यंत बसलेला. मी पीठ बदललं, पाणी बदललं, उन्हाला शिव्या घातल्या.

पाचव्या खेपेला साबण न्यायला मध्येच स्वयंपाकघरात आले. सासूबाई फडकं उचलून गोळ्यात चार बोटं खुपसत होत्या. चांगली खोलवर.

"आत्या! काय करताय हे?" गल्लीभर ऐकू गेलं असेल.

त्या दचकल्या. "आगं, मळल्याला गोळा तसाच ठिवत न्हाईत. पिंडावानी दिसतो. बोटं उमटवावी लागत्यात." मग आवाज उतरला. "घरात मानूस आसा पडलाय. मला लई भ्या वाटतं."

आता काय बोलणार, कपाळ! परात उचलून अंगणात भिरकावावी इतका संताप आला होता. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "उद्या एकदाच नका लावू हात," एवढंच म्हणाले. त्या "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोळा फुगला तो असा फुगला, की मी एकटीच हसले. गोल, गुळगुळीत, पांढरा. ओव्हन तापवला. तेवढ्यात आत मामांना, म्हणजे सासऱ्यांना, ठसका लागला आणि एकदम थांबला. मी धावले. मामा ठीक होते, नुसते माझ्याकडे बघत होते. पाणी पाजून परत आले, फडकं काढलं आणि मला पाव दिसेचना. पिंडच दिसला. काही कळायच्या आत माझीच चार बोटं गोळ्यात गेली होती.

संध्याकाळी कॅफेवालीचा फोन आला. या शनिवारी जमणार नाही, म्हटलं.

"मग कधी जमेल तुम्हाला?" तिने साधंच विचारलं.

मामा आहेत तोवर नाही, हे अगदी जिभेवर आलं होतं. "कळवते," म्हणाले आणि फोन ठेवला.