दाताखालचा दाणा

निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. लग्न होऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं. सासूबाई आधीच वारल्या होत्या आणि सासऱ्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. तेवढ्यामुळं घरातला एक मोठा मान माझ्याकडं आला. ज्वारी काढायच्या आधी दाणा दाताखाली धरून बघायचा. कट्ट वाजला तर पीक तयार. नुसता दबला तर दाणा ओला, साठवला की कुजणार; मग आणखी आठ-दहा दिवस उभं ठेवायचं. दाणा वाजल्याशिवाय आमच्या घरी कुणी पिकाला हात लावत नसे.

त्या माघात शिवारात हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या. त्यांचं नावही बाया घेत नसत, नुसतं 'ते' म्हणत. 'ते' पिंगळीकडून निघाले, 'ते' ओढ्यापर्यंत आले. यातलं निम्मं खोटं असायचं, पण खोट्या बातमीनंही बाया दाराला कड्या घालायच्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मी तर त्याला रोज पाट मांडून जेवू घालत होते. एका दुपारी रानात असताना ओढ्यापलीकडून धूर उठला. कुणाची तरी उभी ज्वारी जळत होती.

सासऱ्यांनी कणीस मोडून माझ्यापुढं धरलं.

"बघ माय, वाजतोय का."

मी कणसातून दाणा काढला. दाणा दाताखाली धरला. तो वाजला नाही. दबला, आत ओल लागली. मला पुरतं कळलं होतं. पण पीक एकदाचं घरात यावं आणि या रानात पुन्हा पाऊल टाकायला लागू नये, एवढंच डोक्यात होतं.

"वाजला मामा," मी म्हणाले.

सासऱ्यांनी एकदा धुराकडं बघितलं. मग म्हणाले, "उद्यापासून लावा हात."

काढणी, मळणी सगळं घाईनं उरकलं. दाणे खळ्यात उघड्यावर ठेवायची कुणाची छाती नव्हती. जेमतेम दोन उन्हं दिली आणि ज्वारी अंगणातल्या पेवात, जमिनीतल्या खोल खड्ड्यात, ओतली. वर कडबा, दगड, माती घालून सारवून घेतलं आणि माझ्या धन्यांनी त्यावर म्हैस बांधली.

'ते' आमच्या गावात आलेच नाहीत. पण माझी भीती गेली नाही, ओढ्यापलीकडून उठून म्हशीच्या खुराखाली येऊन बसली. कणगीतली जुनी ज्वारी खाली खाली जात होती. रोज सकाळी शेर बुडवताना तळ लागतो की काय म्हणून मी आधी आत डोकावून बघायचे. सांगून टाकावं वाटायचं, पण ज्या तोंडानं घात केला होता ते उघडत नव्हतं.

आषाढात कणगी संपली. पेवावरचा दगड सरकवला तसा आंबूस, गरम वास अंगणभर पसरला. दिवसभर तोंड उघडं ठेवलं, आतली हवा विषारी नाही ना म्हणून कंदील सोडून पाहिला, तो विझला नाही तेव्हा धनी आत उतरले. पहिल्या टोपलीत काळी ढेकळं आली. दुसरीतही तेच. मधली थोडी ज्वारी धड निघाली, पण दळून भाकरी केली तर कडू. उरलेली म्हशीपुढं टाकली, तिनं हुंगून तोंड फिरवलं.

मी सासऱ्यांच्या पायाशी बसले आणि रडले.

"मामा, दाणा वाजला न्हवता. मी खोटं बोलले."

ते एक ढेकूळ बोटांनी फोडत होते. मान वर न करता म्हणाले, "दात गेलेत माय, कान न्हाईत गेले. तवाच कळलं व्हतं मला."

"मग थांबवलं का न्हाई?"

"मलाबी लय भ्या वाटायलं व्हतं. कुनीतरी वाजला म्हनावं, एवढीच वाट बघायलो व्हतो."