ओट्यासमोर उतरायचं नाही

"वापस जा. चपला हातात घे अन् पैदल ये."

बाबूजी ओट्यावरून बोलले. मी शिकवत होते त्या मुलींच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. बुधवारा पेठेतला रिवाज असा, की त्यांच्या ओट्यासमोरून जाताना बाईनं चपला काढायच्या. मी रोज सायकलवरून उतरून काढत असे. त्या दुपारी उतरले नाही. मधल्या सुट्टीत राजपुऱ्याला घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवलं होतं, घंटा व्हायची वेळ झाली होती.

"मास्तरीण झाली म्हणून डोक्यावर बसशीन का?"

मी मागे गेले. तापल्या रस्त्यावरून अनवाणी सायकल ढकलत आले. समोरच शाळेचं फाटक. माझ्या वर्गातल्या मुली बघत होत्या.

"चुकलं, बाबूजी," मी म्हणाले.

माफी माग असं कुणी म्हटलं नव्हतं. नोकरीवर घर चालत होतं, ती भीती होतीच. पण मला खरंच वाटलं, आपलंच चुकलं. पाचवारी चेनमध्ये अडकतं म्हणून आईचं नऊवारी नेसायचं, वडिलांच्या मागे राहिलेल्या सायकलवर टांग मारायची. बाईच्या जातीला हे पापच, असं मला वाटलं. रात्रभर वाटत राहिलं.

बाबूजी भाषणात सांगायचे, संस्थानं गेली, राजे गेले, देश एक झाला. ओटा तेवढा राहिला. त्या भाषणांना टाळ्या वाजवायला मुलींना मीच शिकवलं होतं.

सकाळी मी सायकलवरून उतरत होते, तेव्हा त्याच ओट्यासमोर माझ्या वर्गातली सुशी थांबली. चपला काढून छातीशी धरल्या. लहान मुलींना तो रिवाज लागू नव्हता.

"अगं, तू कशाला?"

"तुमी काढता ना, बाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला हे बाबूजींनी शिकवलं नव्हतं. मी शिकवलं होतं. रोज.

"घाल चपला," मी म्हणाले. तिला कॅरिअरवर बसवलं, टांग मारली आणि घंटी वाजवत ओट्यासमोरून गेले.

"बाई, उद्यापासून येऊ नको!" मागून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी शाळेचं फाटक माझ्यासाठी बंद होतं. आई रडली. तिच्या रडण्याचा दोष माझाच, तो मी नाकारत नाही. पण माफी मी चुकीच्या माणसाची मागितली होती. मागायची होती सुशीची, आणि ती तोंडानं मागून भागत नाही.

शाळा त्यांची. रस्ता त्यांचा नाही. मी रोज तिथूनच जाते, सायकलवर. त्या ओट्यासमोर माझा पाय पुन्हा जमिनीला लागणार नाही.