खांदे वाचणारे शिट्टीमास्तर

त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. बाकी सगळ्या विद्यापीठाला ते शिट्टीमास्तर. सव्वीस वर्षं मैदानावर व्यायामाचा तास घेतला. लग्नालाही शिट्टी गळ्यात घालूनच उभे राहिले होते, असं आम्ही ग्रंथालयातली मंडळी म्हणायचो; त्यांच्या बायकोनं ते कधी नाकारलं नाही.

पहिल्या वर्षाला तास सक्तीचा. पोरं रडतखडत पळायची आणि मास्तर त्यांचे पाय सोडून खांदे बघायचे. "खांदे कानाला टेकले की समजावं, मनात काहीतरी अडकलंय." तसे खांदे दिसले की वाजली शिट्टी. "ए लांबटांग्या, इकडे ये. घरी भांडलास की परीक्षेत आपटलास?" पोरगं आधी "काही नाही सर" म्हणायचं आणि पाचव्या मिनिटाला नाक ओढायला लागायचं.

मानसशास्त्राच्या बाई तेव्हा व्यायाम आणि भावनिक बुद्धिमत्ता यांचा अभ्यास करत होत्या. विद्यार्थ्यांकडून तेहेतीस प्रश्नांचे फॉर्म भरून घेत. मास्तर म्हणाले, "बाई, एवढा कागद कशाला नासता? अर्धी फेरी पळवा, सांगतो." बाईंनी पाच मुलांची परीक्षा लावली. मास्तरांनी पाचही बरोबर ओळखली. मग काय, महिनाभर स्वारी हवेत!

त्याच वर्षी मास्तरांची बायको गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. आठवड्याभरात मास्तर मैदानावर हजर. त्यांची मुलगी आमच्याच विद्यापीठात, दुसऱ्या वर्षाला. तीही रोज सकाळी पळायला येऊ लागली. जन्मात बसमागेसुद्धा न धावलेली पोर! मास्तर हरखले. घड्याळ धरून ओरडायचे, "दोन मिनिटं दहा! शाब्बास! दोन मिनिटं!" घरी जेवतानाही विषय तोच. श्वास, पावलं, बूट. तिच्या आईचं नाव ताटाजवळ कोणी काढेना.

तिचे खांदे कानाला टेकलेले होते. खुर्चीत बसून जन्म काढलेल्या मलासुद्धा ते ग्रंथालयाच्या खिडकीतून दिसायचे. साऱ्या जगाच्या चहाड्या करणारी माझी जीभ नेमकी तेव्हाच शहाणी झाली. म्हटलं, बापाला काय सांगायचं?

मानसशास्त्राच्या बाईंनी मात्र त्यांना गाठलंच. "मुलगी कशी आहे, मास्तर?"

"पंच्याण्णव सेकंदांत फेरी!"

"मी वेळ नाही विचारली."

मास्तर हसले. "पळणाऱ्याला काही होत नसतं, बाई."

परीक्षा संपल्यावर एका सकाळी मुलगी बॅग घेऊनच मैदानावर आली.

"बाबा, मी दुसऱ्या शहरात प्रवेश घेतलाय. वसतिगृहात राहीन."

"का गं? इथे काय कमी आहे?"

"तुम्ही सगळ्यांच्या पोरांना बोलावून विचारता. मी आठ महिने तुमच्यासमोर पळत होते. रोज वाटायचं, आज शिट्टी वाजेल."

"अगं, मला वाटलं..."

ती वाकून पाया पडली आणि गेली.

दुपारी ते ग्रंथालयात माझ्यासमोर येऊन बसले. मी नेहमीप्रमाणे काहीतरी टोमणा मारणार होतो. चेहरा बघून गिळला.

"मला दिसत होतं रे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. पण विचारलं असतं तर ती रडली असती. आणि मग मलाही रडावं लागलं असतं."

पुढे दर रविवारी ते मुलीला फोन करत. जेवलीस का, झोप लागते का. पाच महिने गेले. एका रविवारी मी त्यांच्याकडेच बसलो होतो. बराच वेळ घसा खाकरून त्यांनी एकदाचं विचारलं, "आईची आठवण येते का गं?"

फोनमधला तिचा आवाज मलाही ऐकू आला, शांत, परक्या माणसाशी बोलावा तसा. "येते. पण इथे मैत्रिणी आहेत, बाबा. त्यांच्याशी बोलते मी. तुम्ही काळजी करू नका."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. "खरंच बरं झालं."

तिनं फोन ठेवला. ते तसाच कानाला धरून बसले होते.

"मला फार येते गं," ते म्हणाले.