मे महिन्यातला स्वेटर

मे महिन्याच्या उकाड्यात शिडाच्या होडीतून फिरायला निघताना मी पिशवीत स्वेटर टाकते, म्हणून नवरा दरवर्षी हसतो. यंदा मालवणच्या किनाऱ्यावरही हसला. होडीवाले बाबलकाका मात्र म्हणाले, "आसांदे, वैनी. वारो काय कोणाक इचारून फिरता?"

खोल पाण्यात वारा वाढला. काकांनी शीड थोडं गुंडाळलं, मी स्वेटर चढवला. वारा पडला तसं त्यांनी शीड उलगडलं, मी स्वेटर काढला. शीड म्हणजे होडीचा अंगरखाच की! हवा बदलली की अंगावरचं कमी-जास्त करावं आणि पुढे जावं, एवढं त्या होडीला आणि मला कळतं.

पुन्हा गार वारा सुटला, लाटांचं पाणी अंगावर उडालं. भिजलेल्या टी-शर्टात नवरा कुडकुडायला लागला. पिशवीत त्याचाही स्वेटर होता. त्यानं मागेपर्यंत मी तो काढला नाही.