निळी काच आणि दोन गुडघे

बाळकुमच्या खाडीकाठी आवडाबाई नावाची धवलारीण राहत असे. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन विधी पार पाडायचे ते तिनेच. हळद लागायची तीही तिच्याच सुरावर. पण धवलारणीला सारखं जमिनीवर बसावं-उठावं लागतं, आणि मिठागराच्या खाऱ्या पाण्यात उभी राहून राहून तिचे दोन्ही गुडघे धरले होते. नात रतनचं लग्न होळीनंतर ठरलेलं. शेजारणी कुजबुजू लागल्या, "कोलशेतची धवलारीण आणूया." त्या दिवशी आवडाबाई जेवली नाही.

आगगाडी ठाण्याला येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, आणि तिच्यातून मुंबईची नवी नवी खुळं उतरत. निळ्या काचेतून ऊन घेतलं की आखडलेले सांधे सुटतात, हे त्यांतलंच एक. ठाण्याच्या दवाखान्यातल्या हरिहरपंत डॉक्टरांना ते खरं की खोटं हे स्वतः पाहायचं होतं. त्यांनी आवडाबाईला चौकटीत बसवलेली निळी काच दिली.

"उजव्या गुडघ्यावर निळं ऊन घ्यायचं. डाव्यावर घोंगडी. म्हणजे फरक कळेल."

थंडी सरेपर्यंत ती रोज सकाळी अंगणात पाय पसरून बसली. मांडीवर निळं पाणी सांडल्यासारखा उजेड पडे. नवरा विश्राम चूल फुंकता फुंकता ओरडे, "राणीसाहेब, पेज देऊ काय?"

हळदीच्या आदल्या दिवशी डॉक्टर आले. उजवा गुडघा वाकला. त्यांचा चेहरा उजळला. मग डावाही वाकला, तसाच, अलगद. डॉक्टरांनी तो पुन्हा वाकवून पाहिला.

"बाई, डावा कसा सुटला?"

"त्यालाबी दावली ना काच! उजव्याचं झालं का डाव्याचं."

"अहो, पण मी नको म्हटलं होतं!"

"दाक्तर, दोगं येका आयची पोरं. येकाला निळं ऊन नि दुसऱ्याला घोंगडी? भावबंदकी लागली असती. मग मी उबी कोणाच्या जिवावर ऱ्हाऊ?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आता मला कळायचं कसं, गुण काचेचा, उन्हाचा, की नुसतं बसून राहण्याचा?"

"बसून ऱ्हायचा आसंल," विश्राम म्हणाला, "तर गुण माजा. चूल मी पेटवली."

डॉक्टर इतके हसले की पागोटं सुटून खांद्यावर आलं. "उद्याचं जेवण तरी घालाल ना?"

दुसऱ्या दिवशी मांडवात खाडीवरचा वारा खेळत होता. रतन हळदीला पाटावर बसली. आवडाबाईने पदर खोचला, कोणाचा हात न धरता जमिनीवर बसली, आणि हळद लावून तशीच उठली. गुडघे करकरले, पण उठली. तिने मान वर केली आणि पहिला धवला असा उचलला, की खाडीतले होडीवालेही वल्ही थांबवून ऐकू लागले.