तिसरीच्या वर्गातली खुडूक

आमच्या तिसरीच्या वर्गात दर सोमवारी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रंगीत खडूने आठवड्याचा विषय लिहिलेला असायचा. एका आठवड्यात पान, एका आठवड्यात घड्याळ, एका आठवड्यात पोस्टमन. मग शुक्रवारपर्यंत जे काही व्हायचं ते त्या विषयाभोवतीच. पानाच्या आठवड्यात आम्ही पानांची बेरीज-वजाबाकी केली, पानावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहिली, आणि शेवटी प्रार्थनेत पानांबद्दल देवाचे आभारही मानले.

ही सगळी कल्पना आमच्या सिस्टरची. त्या केरळच्या, अंगाने लहानशा, चालायला भलत्या चपळ. मराठी त्या आमच्याकडूनच शिकल्या होत्या आणि त्यात बायका हमखास 'आला' व्हायच्या, पुरुष 'आली'. आम्ही दुरुस्त केलं की त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या वाक्यात तेच म्हणायच्या.

मी मखमलाबादच्या बाजूने, मळ्यातून शाळेत यायचे. आमचा शेवंतीचा आणि भाजीपाल्याचा मळा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, पहाटे बाजारात माल टाकून यायचे आणि मग मला एम-एटी गाडीवर मागे बसवून शाळेत सोडायचे. शाळा मिशनची, इंग्रजी. घरात इंग्रजीचा गंध नाही. त्यामुळे वर्गात मी तोंडच उघडत नसे. पहिली आणि दुसरी मी 'प्रेझेंट सिस्टर' आणि 'मे आय ड्रिंक वॉटर' एवढ्या भांडवलावर काढली होती.

जानेवारीतल्या एका सोमवारी फळ्यावर 'अंडं' आलं. सिस्टरांनी खाली कोंबडी काढली. ती झाकणाच्या तांब्यासारखी दिसत होती, आणि वर्गात आधीच खुसखुस सुरू झाली होती.

"कोंबडी अंड्यावर बसला की कसा आवाज करतो?" सिस्टरांनी विचारलं.

पुढच्या बाकावरच्या, नेहमी पहिल्या येणाऱ्या मुलाने हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, "कुकूचकू."

"तो कोंबडा," मी म्हणाले.

मी म्हणाले हे मला वर्गाने माना वळवल्यावर कळलं. सिस्टरांनी खडू खाली ठेवला.

"मग तू करून दाखव."

आता उभं राहणं भाग होतं. मी कोपरं बाहेर काढली, मान खांद्यात घातली, आणि आमची तांबडी कोंबडी कशी करते तसं केलं. आधी हळू, घशातून, खुडूक, खुडूक. मग कुणी जवळ आल्यावर ती अंग फुगवून गुरगुरते, ते केलं. माझ्या शेजारणीने खरोखरच पाय वर घेतले. आणि वर्ग फुटला. कुणी बाकावर डोकं टेकलं, कुणी दुसऱ्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. सिस्टर तोंडापुढे डस्टर धरून खुर्चीत बसल्या आणि जरा वेळाने पांढऱ्या नाकाने म्हणाल्या, "वन्स मोर."

मी आणखी दोनदा केलं. मला थांबायचंच नव्हतं.

"तुझ्या घरी आहे असा कोंबडी?" त्यांनी विचारलं.

"आहे, सिस्टर. आत्ताच खुडूक झालीय. आई तिला रोज बादलीत बुचकळते."

"का?"

"डोकं थंड व्हावं म्हणून. बसायचा नाद सोडत नाही ती. मग अंडी देणं बंद होतं."

सिस्टरांनी थोडा विचार केला. "डोकं थंड नको करू," त्या म्हणाल्या. "त्याला इथे आण."

घरी हे सांगितल्यावर आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "शाळंत? कोंबडी?" मग ती अण्णांकडे वळली. "ही काय बोलती बघा."

अण्णा शेवंतीच्या पाट्या रचत होते. "मग नेऊ की," ते म्हणाले. "हितं बादलीत बुडण्यापरीस तिथं बसंल निवांत."

अंडी जमवून पुढच्या सोमवारी आम्ही निघालो तेव्हा कांद्याच्या जाळीखाली पाटीत कोंबडी होती, आणि माझ्या मांडीवरच्या डब्यात, भुशात पुरलेली अकरा अंडी. प्रत्येक खड्ड्याला अण्णा "धर गं" म्हणायचे आणि कोंबडी मागून गुरगुरायची. नदीवरच्या पुलावर एक स्कूटरवाला आमच्याकडे बघता बघता कठड्याला घासत गेला.

शाळेच्या फाटकाशी सिस्टर उभ्याच होत्या. अण्णा म्हणाले, "सिस्टर, लय चावती ही. हाताला कापड गुंडाळा."

सिस्टरांनी जाळी बाजूला केली, कोंबडीच्या पोटाखाली हात घातला आणि एका दमात तिला उचलून काखेशी धरलं. तिच्या कानाशी त्या मल्याळममध्ये काहीतरी बोलल्या. आमची मेली, जिने आईच्या हाताचे लचके तोडले होते, तिने डोळे मिटले.

"माझ्या घरी पुष्कळ होते," सिस्टर म्हणाल्या आणि तिला घेऊन वर्गाकडे चालू लागल्या. अण्णा फाटकातच उभे राहून बघत राहिले.

नकाशांच्या कपाटाशेजारी, कोपऱ्यात, गवत घालून पाटी ठेवली. सिस्टरांनी नियम सांगितले. ओरडायचं नाही, बाक ओढायचा नाही, कंपासपेटी पाडायची नाही. तीन आठवडे. त्या आधी आमचा वर्ग म्हणजे मासळी बाजार होता. आता असा शांत झाला, की हेडमिस्ट्रेस एकदा दाराशी येऊन आम्ही आहोत ना, हे बघून गेल्या. पण ती शांतता साधी नव्हती. गच्च भरलेल्या फुग्यासारखी होती. कुणी शिंक दाबली तरी दहा जणांचे खांदे हलायला लागायचे.

सोमवार आला की फळ्यावरचा विषय बदलायचा, कोंबडी तीच. घड्याळाची उजळणी आम्ही तिच्यावरच केली. दिवसातून एकदा ती उठायची, पिसं फुलवून दुप्पट मोठी व्हायची, दाणे टिपायची, डब्याच्या झाकणातलं पाणी प्यायची आणि वर्गातून एक फेरी मारायची. त्या वेळी सगळ्यांनी पाय वर घ्यायचे. फेरीच्या शेवटी ती एक घाण करायची. खुडूक कोंबडी दिवसभराचं साठवून एकदाच करते, त्यामुळे तो वास काही विचारू नका. घरी पाण्याचा पेलाही न उचलणारी मुलं ते सुपडीत भरायला भांडायची. सिस्टरांना त्यासाठी पाळ्या लावाव्या लागल्या.

आणि सगळे मला विचारायचे. ती आज जास्त का खात नाही? ती अंडी चोचीने का फिरवते? मला उत्तरं येत होती, इंग्रजी येत नव्हतं. पण इतक्या जणांना उत्तर द्यायचं म्हटल्यावर ते आपोआप यायला लागलं. "हेन इज अँग्री." "हेन इज गोइंग फॉर वॉक." "डोण्ट पुट हँड, शी विल बाइट." घरी जाताना एम-एटीवर मी अण्णांच्या पाठीला तीच वाक्यं ऐकवत असे.

हेडमिस्ट्रेसची परवानगी होती. फादरना मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. फादर म्हणजे शाळेचे आणि शेजारच्या चर्चचे प्रमुख. वसईचे, उंच, धिप्पाड, आवाज असा की व्हरांड्यात बोलले तर मैदानात ऐकू यावं. महिन्यातून एका शुक्रवारी ते आमचा मूल्यशिक्षणाचा तास घ्यायचे. तो शुक्रवार कोंबडीच्या तिसऱ्या आठवड्यात आला, आणि त्यांचा विषय होता शांतता.

"शांतता म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. फादर खूश झाले. "हे बघा. हीच शांतता. हिच्यात देवाचा आवाज ऐकू येतो."

नेमकी तेव्हा कपाटाशेजारी पाटी करकरली. कोंबडी उठली, फुलली आणि निघाली. फादरची पाठ तिच्याकडे होती. ती दाण्यांकडे गेलीच नाही. सरळ त्यांच्या मागे आली, त्यांच्या पांढऱ्या झग्याच्या घोळाकडे मान वाकडी करून बघितलं, आणि आत शिरली.

पहिल्या बाकावरच्या मुलीने स्वतःची वेणी तोंडात कोंबली. तिच्या मागचा बाक थरथरायला लागला.

"हसायला काय झालं?" फादर म्हणाले.

झग्यातून उत्तर आलं. "खुडूक."

फादर थांबले. त्यांनी हळूच खाली बघितलं. "माझ्या पायाशी काय आहे?"

सगळ्यांनी तोंडं दाबून धरली होती. शेवटी मी उभी राहिले. "फादर, आमची कोंबडी."

"ती तिथे काय करतेय?"

"फिरायला निघाली. रोज जाते."

फादरनी आवाज खाली आणला. "चावते का?"

"हो, फादर. हलू नका."

आणि फादर हलले नाहीत. दोन्ही हात थोडे वर धरून, डोळे समोरच्या भिंतीवर लावून ते उभे राहिले. मग मात्र आमचं धरण फुटलं. एक मुलगा बाकावरून घसरून खाली गेला आणि तिथेच लोळून हसत राहिला. एकीला उचकी लागली ती डब्याच्या सुट्टीपर्यंत थांबली नाही. माझ्या पोटात कळा यायला लागल्या, तरी हसू थांबेना. आवाज ऐकून सिस्टर धावत आल्या, गुडघ्यावर बसल्या, झग्याखाली हात घालून त्यांनी कोंबडी बाहेर काढली, आणि काखेत धरून फादरसमोर उभ्या राहिल्या. आता ही घरी जाणार, असं वाटून आम्ही गप्प झालो.

फादरनी झगा झटकला, घोटा चोळला आणि विचारलं, "पिल्लं कधी निघणार?"

"या रविवारी, फादर."

"रविवारी चर्चमध्ये मिस्सा आहे."

"त्याला माहीत नाही, फादर," सिस्टर म्हणाल्या.

रविवारी शाळा बंद. सिस्टरांनी सांगितलं होतं, ज्यांना यायचं त्यांनी मिस्सा, म्हणजे चर्चची रविवारची प्रार्थना, संपल्यावर यावं. कुणाला धीर होता? मिस्सा सुरू व्हायच्या आधीच जवळजवळ अख्खी तिसरी मैदानात. देवळाली कॅम्पहून एक मुलगा तर आई, वडील आणि आजोबांना घेऊन आला होता. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कडाक्याची थंडी होती. फादर आम्हाला म्हणाले, "बाहेर गारठू नका, आत येऊन मागे बसा."

मी पूर्ण मिस्सा कधी पाहिलीच नव्हती. पुढचे उभे राहिले की आम्ही उभे राहायचो, गुडघ्यावर बसले की आम्हीही. पण आमचं सगळं थोडं उशिराच होत असे, त्यामुळे लोक बसायला लागले की आम्ही उठत असू. अण्णा चपला बाहेर काढून आले होते आणि देवळात बसावं तसे मांडी घालून, हात जोडून बाकावर बसले होते.

फादरचं प्रवचन सुरू झालं. विषय शेजाऱ्यांशी कसं वागावं हा होता. तेवढ्यात बाजूचं दार किलकिलं झालं. सिस्टर तिथे उभ्या होत्या. त्यांनी एक बोट वर केलं आणि दार लावून घेतलं.

आमच्या बाकांवर एक लाट आली. आम्ही एकमेकांचे हात दाबून धरले. जरा वेळाने दार पुन्हा उघडलं. दोन बोटं. मग तीन. चौथ्या वेळी आमच्यातल्या कुणाच्या तरी नाकातून शिट्टीसारखा आवाज निघाला. पुढच्या बाकावरच्या, डोक्यावर जाळीदार रुमाल घेतलेल्या एक आजी रागाने मागे वळल्या.

"काय चाललंय?"

"आजी, पिल्लं निघतायत. चार झाली."

आजींनी आमच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि पुढच्या बाईच्या खांद्याला हात लावून कुजबुजल्या. त्या बाईने तिच्या पुढच्या माणसाला सांगितलं. कुजबूज एकेक बाक ओलांडत वेदीपर्यंत गेली. पुढच्या वेळी दार उघडलं तेव्हा सगळ्या चर्चने माना वळवल्या होत्या. फादर बोलता बोलता थांबले.

"किती?" त्यांनी विचारलं. ते माइकसमोर होते, त्यामुळे तो प्रश्न बाहेर रस्त्यापर्यंत गेला असणार.

"पाच, फादर," सिस्टर म्हणाल्या. "सहावा येते आता."

फादरनी पुस्तक मिटलं. "शेजाऱ्यांचं उरलेलं पुढच्या रविवारी सांगतो," ते म्हणाले, आणि सगळं चर्च हसलं. पुढची मिस्सा त्यांनी काही न गाळता पूर्ण केली. पण त्या दिवशीचं शेवटचं गाणं इतकं भरभर झालं, की पेटी वाजवणारा मागे राहिला.

मग चर्चच आमच्या वर्गात आलं. व्हरांड्यात रांग लागली. सिस्टर थोडी थोडी माणसं आत सोडत होत्या. कोंबडीच्या पंखाखालून ओली, लुळी, पिंगट डोकी बाहेर येत होती आणि परत आत जात होती. अण्णांनी एक सुकलेलं पिल्लू हलकेच काढलं आणि फादरच्या तळहातावर ठेवलं. फादरचा तळहात म्हणजे जेवणाची थाळी. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण पिल्लावर श्वाससुद्धा जपून सोडत होता.

"ऊब राहू द्या, फादर," अण्णा म्हणाले. "वरून दुसरा हात ठेवा."

दुपारपर्यंत आठ निघाली. तीन अंडी तशीच राहिली. त्या वेणीवालीने ती कानाशी लावून ऐकली आणि तिचे डोळे भरले. सिस्टर तिच्याजवळ बसल्या. "सगळे नाही येत, बाळा," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी पण नाही यायचे." ती मुलगी आणखी रडली असती, पण तिच्या मांडीवरच्या पिल्लाने तिच्या चर्चच्या नव्या फ्रॉकवर घाण केली, आणि ती रडता रडताच हसायला लागली. मग आम्ही सगळेच.

सोमवारी फळ्यावर 'वजन' आलं आणि आम्ही तराजूत पिल्लं तोलली. ती पारड्यात थांबत नव्हती, त्यामुळे प्रत्येकाचं वजन वेगळं आलं. सिस्टरांनी सगळ्यांची उत्तरं बरोबर धरली. शाळा सुटल्यावर पाटी घरी निघाली. जकात नाक्यावर शिपायाने अण्णांना थांबवून विचारलं, पाटीत काय चिवचिवतंय? "आमची शाळा सुटली," अण्णा म्हणाले आणि त्यांनी गाडी पुढे काढली.

मळ्यात आई कण्या घेऊन वाटच बघत होती. पाटी उघडली तशी कोंबडी बाहेर उडी मारून आली आणि तिने पहिल्यांदा आमच्या कुत्र्याला गोठ्यापर्यंत पिटाळलं.

"इंग्रजी शाळंत राहून आली," आई म्हणाली, "आता मला वळखती का बघू." तिने हाक घातली, "ती-ती-ती." कोंबडी आली. मागून आठही आली, एकमेकांवर पडत, धडपडत. आई मातीतच बसली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली.

मी तिला सगळं सांगितलं. फादरचा झगा, सिस्टरांची बोटं, आजींचा रुमाल. मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत सांगितलं, मग कोंबडीच्या आवाजात. जेवायला बसलो तरी मी बोलतच होते. अण्णांनी माझ्या ताटात भाकरी मोडून घातली आणि म्हणाले, "आता जरा घास घे."